लिंबाखालचा दगड

१९४८ साल, अन् माझं वय बासष्ट. हिंगोलीच्या कचेरीवरचा झेंडा बदलला, त्यानंतरची ती पहिली थंडी. कोंडवाड्याच्या दारात मी उन्हाला बसलो होतो. मोकाट जनावरं डांबायची ती जागा. तिची किल्ली तीस वर्षं माझ्या कमरेला. शेजारची गोदावरी आली, पदर तोंडाला लावून म्हणाली, "सोनाबाई गेली हो, भाऊ." मी आतल्या लिंबाखालच्या दगडाकडं बघत राहिलो... तो दगड तिचा होता.

माझी शाळा दुसरीत सुटली. पण मी सही करतो, अंगठा उठवत नाही, हे आधीच सांगतो. कारण सोनाबाईचं अन् माझं पहिलं भांडण त्याच्यावरूनच झालं. दहा वर्षांमागं बलदियाचा, म्हणजे नगरकचेरीचा, हुकूम निघाला की गावात कोणी शेळ्या पाळायच्या नाहीत. घाण होते, बागेतली रोपं खातात, असं कारण दिलं. सोनाबाई विधवा, तिचा आधार तीन शेळ्या. त्या गेल्या तर सेनगावकडं भावाच्या दारी जाऊन राहणं आलं. "भावजयीच्या चुलीपुढं बसू व्हय मी?" असं म्हणून तिनं अर्ज लिहून घेतला अन् घरोघर फिरली. ज्या बायांना अंगावर दूध नव्हतं, त्यांची लेकरं तिच्याच शेळ्यांवर वाढलेली. त्या बायांनी अंगठे दिले. मग ती माझ्याकडं आली.

"भाऊ, अंगठा द्या."

"मला सही येते."

"मग सही करा."

"हुकूम पाळणारा माणूस मी. हुकमाविरुद्ध सही कशी करू?"

"मग सही शिकलात काहून?" असं म्हणून ती हसत निघून गेली. मला ते हसणं लई लागलं.

अर्ज दोनदा परत आला. अन् एका सकाळी मीच तिच्या तिन्ही शेळ्या आणून डांबल्या. दुपारपर्यंत त्यांच्या कासा ताठल्या, ओरडणं ऐकवेना. घरच्या म्हशींच्या धारा काढण्यात माझा जन्म गेलेला. लोटा घेऊन तसाच शेळीच्या बाजूला बसलो. शेळीनं लाथ मारली, लोटा पालथा. सोनाबाई कुंपणाबाहेर उभी होती.

"मागं बसा, भाऊ. माझ्या शेळ्यांना मागून धार काढायची सवय हाय."

"शेळीच्या मागं बसणारा माणूस मी न्हाई."

"मग त्या रडतील, अन् गल्लीतली लेकरंबी रडतील."

दिवस कलेपर्यंत मी अडून बसलो. शेवटी कुलूप काढलं. बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही असा कायदा होता, तो मी मोडला. ती आली, लिंबाखालच्या दगडावर बसली, अन् शेळी आपणहून तिच्यापुढं पाठमोरी उभी राहिली. मग रोज दोन वेळा तेच. सकाळी धुकं एवढं की दाराशी वाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायांचे पाय दिसत नसत. नुसते पदर तरंगताहेत असं वाटायचं. आत भांड्यात धारेचा आवाज, फेस वर येऊन राहिलेला, अन् काखेतली लेकरं गप्प... मला आपण जागे आहोत की नाही, हेच कळत नसे.

अशाच धुक्यातून एकदा बलदियाचे साहेब आले. "ये भीड कैसी? ताला किसने खोला?" नोकरी जाणार हे मला दिसत होतं. सोनाबाई उठायला लागली, तेवढ्यात मी म्हणालो, "मैं खोल्या, साब."

"अन् तेबी सबंद दिवस अडून बसल्यावर!" ती मागून म्हणाली. बाया हसल्या. साहेब हसले नाहीत. एक आई कापसाचा बोळा दुधात बुडवून लेकराच्या तोंडात पिळत होती, तिकडं ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी अर्ज मागितला. सोनाबाईनं पदराची गाठ सोडली. "थांब, इकडं दे," मी म्हणालो, अन् सगळ्या अंगठ्यांखाली माझी वाकडीतिकडी सही केली.

माझी नोकरी राहिली. पुढं परवानगीही आली: घरामागं शेळ्या बांधा, चरायला वेशीबाहेर न्या. सोनाबाई सेनगावला गेली नाही. पण धार काढायला मात्र ती रोज कोंडवाड्यातच यायची.

"आता घरी काढ की," मी म्हणायचो.

"त्यांना हितंच पान्हा फुटतो."

सवय शेळ्यांना लागली होती की तिला, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला...

ती गेली त्या संध्याकाळी तिच्या घरात दिवा लावायलाही कोणी नव्हतं. तिची शेवटची शेळी, चंद्री, मी दाव्यानं धरून कोंडवाड्यात आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच धुकं पडलं होतं. गोदावरीची सून काखेत लेकरू अन् हातात वाटी घेऊन दाराशी आली, पण आत यावं की नाही, हे तिला समजेना. चंद्री लिंबाखाली गेली अन् दगडापुढं पाठमोरी उभी राहिली. मी लोटा घेतला, दगडावरचं दव धोतराच्या सोग्यानं पुसलं, अन् शेळीच्या मागं बसलो.