पणजोबांची संमती

अकरा वर्षं ही गोष्ट फक्त मला माहीत आहे. नवऱ्यालाही सांगितली नाही, आणि आता तो नाही. आज सांगते. मध्ये अडखळेन कदाचित — पण पुरी करणार आहे.

आमच्या घरात एक खटला अभिमानानं सांगितला जायचा. इंग्रजांच्या काळातला. माझे पणजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ एकत्र राहत. भाऊ तरुणपणीच गेले, मूल नव्हतं. त्यांच्या विधवेनं, यमुनाबाईंनी, दूरच्या नात्यातला एक मुलगा दत्तक घेतला — रामचंद्र. पण एकत्र कुटुंबातल्या विधवेला दत्तक घ्यायचं तर थोरल्या दिराची संमती लागायची. ती मिळाली होती, असं यमुनाबाई म्हणाल्या. मी कधीच दिली नाही, असं पणजोबांनी शपथेवर सांगितलं. खालच्या कोर्टानं बाईंचं खरं मानलं. पणजोबा मुंबईला हायकोर्टात अपिलात गेले आणि जिंकले. दत्तक रद्द झालं, सगळी इस्टेट आमच्या बाजूला आली.

मी लहानपणापासून ऐकलं ते असं — एका खोटारड्या बाईनं घर गिळायला काढलं होतं, आणि पणजोबा सत्यासाठी हायकोर्टापर्यंत गेले. इथे टेक्सासमध्ये, शुगर लँडला, मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी हीच गोष्ट लिहिली. खूप कौतुक झालं. मला ते आवडलं — खोटं कशाला बोलू?

तो लेख वाचून प्लेनोहून एक फोन आला. ऐंशीच्या घरातले, रिटायर्ड इंजिनियर, मुलीकडे राहणारे वसंतकाका. म्हणाले, "तुझ्या लेखातला तो मुलगा म्हणजे माझे वडील."

मला वाटलं, आता भांडतील. भांडले नाहीत. निकालानंतर नवं आडनाव वडिलांचं राहिलं नव्हतं आणि जुनं त्यांना लावावंसं वाटलं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. आयुष्यभर ते सही नुसती 'रामचंद्र' अशी करत. शाळेत पोरं त्यांना 'खोटा दत्तक' म्हणत. काकांना जाणून घ्यायचं होतं ते एकच — आपली आजी खरं बोलत होती का?

मी तेव्हा ऑनलाइन मोडी शिकत होते. वडील गेल्यावर घरातल्या जुन्या कागदांचं गाठोडं भावानं कोल्हापूरहून माझ्याकडे पाठवलं होतं. काका म्हणाले, "सुलभा, त्यात काही सापडतंय का बघ. जे असेल ते सांग. मला चालेल."

सापडलं. रामचंद्रच्या जन्मदात्या वडिलांना पणजोबांनी लिहिलेल्या पत्राची नक्कल, त्यांच्याच अक्षरात. भावजयीनं तुमचा मुलगा दत्तक घ्यावा, त्यास आमची पूर्ण संमती आहे, विधीस आम्ही जातीनं हजर राहू — असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी ते पाच वेळा वाचलं. एखादं अक्षर चुकत असेल, अशी आशा धरून वाचलं. एकही चुकत नव्हतं.

पुढच्या शनिवारी काका आले. साडेचार तासांचा रस्ता, गाडी त्यांची मुलगी मीनल चालवत होती. सोफ्यावर टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काय निघालं?"

आणि मी — काय म्हणाले मी? "काही नाही काका. शेतसाऱ्याच्या पावत्या आहेत नुसत्या."

घाबरले होते का? कुणाला? इस्टेट तर केव्हाच विकली गेली होती. कोर्टात कुणी जाणार नव्हतं. लोक म्हणतील, हिचा पणजोबा शपथेवर खोटं बोलला — एवढंच भय. एवढ्यासाठी मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले.

ते थोडं हसले. "म्हणजे आजीच खोटं बोलली," म्हणाले. मी त्यांच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली.

काका सहा वर्षांपूर्वी गेले. मी भेटायला गेले तेव्हा मीनल सहज बोलून गेली, "तुमच्याकडून आल्यावर बाबांनी देवघरातला त्यांच्या आजीचा फोटो काढून ठेवला. पुन्हा लावलाच नाही." तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. एवढा निगरगट्टपणा माझ्यात कुठून आला, मला माहीत नाही. पण होता.

गेल्या महिन्यात मी ते पत्र आणि त्याचं बाळबोध लिपीत लिहून काढलेलं पान घेऊन प्लेनोला गेले. फोनवर सांगता आलं असतं. मुद्दाम गेले.

मीनलनं उभ्यानंच वाचलं. मग विचारलं, "मावशी, हे तुम्हाला कधी मिळालं?"

"काका आले होते त्याच्या आदल्या आठवड्यात."

"म्हणजे you knew? ते समोर बसले होते तेव्हा?"

"हो."

"का?"

वाटेत मी कितीतरी उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही दिलं नाही. "भित्री होते म्हणून," म्हणाले.

तिनं ते पान घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "आता तुम्ही जा, प्लीज." मी पणजोबांच्या हातची ती नक्कल तिच्या टेबलावर ठेवली आणि निघाले.

भावाला कळवलं. तो चिडला, "मेलेल्या माणसांना कशाला उकरून काढतेस?" मी म्हटलं, यमुनाबाई मेल्या होत्या, पणजोबा मेले होते. पण काका जिवंत होते, मीही होते.

आता हे लिहून काढलं. जसं आहे तसं, माझ्या नावानं, आमच्या आणि मीनलच्या दोन्ही घरांतल्या सगळ्यांना पाठवते आहे. मुलगा म्हणाला, "Mom, are you sure?" खात्री आहे.

मीनलचा फोन आलेला नाही. तो यायला हवा, असं माझं म्हणणं नाही. यमुनाबाई खरं बोलत होत्या. ते वसंतकाकांना कळू नये, ही व्यवस्था मी केली.