बाबांनी घासलेली पेटी

मी गंज लावते. पोटच त्याच्यावर चालतं माझं. गल्लीतली बाई विचारते, "काय काम करतं वं पोरी तू?" तर मी हेच सांगते आणि तिचं तोंड बघत बसते. कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये, थ्रीडी चित्रांमध्ये जे पिंप, ट्रक, फाटक दिसतं, त्याचा आकार कोणीतरी एक जण बनवतो आणि त्याच्यावर कातडी चढवायचं काम माझ्यासारख्यांचं. त्या कातडीला टेक्श्चर म्हणतात. नवंकोरं लोखंड स्क्रीनवर खोटं दिसतं. म्हणून मी त्याला ओरखडे पाडते, रंगाचे पोपडे काढते आणि वरून गंज.

बाबा कोळशाच्या खदानीत फिटर होते. त्यांनी जन्मभर गंज काढला. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि गंज रोखणाऱ्या लाल रंगाचा, रेडॉक्साइडचा डबा, एवढं हाताशी असलं की त्यांना दुसरं काही लागायचं नाही. रिटायर झाल्यावर खदान सुटली, ब्रश सुटला नाही. घराची खिडकी, अंगणाचं फाटक, आईचा विळा, काही म्हणजे काही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. मी गंज लावायचे पैसे घेते हे कळलं तेव्हा ते आईला म्हणाले, "शिकून सवरून हेच कराले गेली होती का पुन्याले?"

पुण्याचं काम सुटलं होतं. मी चंद्रपूरजवळच्या आमच्या गावी परत आले होते आणि मला पुन्हा जायचं नव्हतं. ती तीन जणींची खोली नको, तो मेसचा डबा नको. अशात पुण्यातल्याच एका स्टुडिओने परीक्षा घेतली. खऱ्या आयुष्यातली, वापरून जुनी झालेली एक लोखंडी वस्तू निवडा आणि हुबेहूब बनवून पाठवा. मुदत दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत. पास झाले तर घरूनच काम, नाही तर बॅग भरायची.

वस्तू शोधायला मला लांब जावंच लागलं नाही. बाबांची हत्यारांची पेटी! सायकलच्या कॅरिअरला बांधून ती रोज खदानीत जायची. सगळ्या हत्यारांवर बाबांचा जीव, पण पेटी त्यांच्या लेखी हत्यार नव्हती, तिला कधी ब्रश लागला नव्हता. राखाडी रंग उडालेला, काठ गंजलेले, एका बाजूला मोठा पोचा. बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ती रिकामी करून मी अंगणात आणून ठेवली.

आता यातली गोम अशी, की टेक्श्चरसाठी फोटो काढायचे तर ढगाळ दिवस लागतो. ऊन असलं की सावल्या फोटोत चिकटतात आणि मग कितीही डोकं आपटा, त्या निघत नाहीत. आणि आमच्याकडे ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते आमच्याकडच्यांनाच विचारा. मी चार दिवस ढगाची वाट बघत बसले. पेटी तशीच अंगणात. बाबांनी जाता-येता विचारलं, "हे कायले काढली बाहेर?"

"फोटो काढायचे आहे त्याचे," मी म्हटलं. "पुन्याले पाठवायचे आहे."

"तिकडचे लोकं पाह्यतील?"

"हाव."

ते "बरं" म्हणाले. त्या बऱ्यामध्ये काय शिजत होतं ते मला कळायला हवं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडतात. मी नेमकी चंद्रपूरला चार्जर आणायला गेले. परत येताना आभाळ भरून आलं होतं. मी बसमधून उतरून जवळजवळ पळतच घरी आले, की आता लगेच फोटो काढते.

अंगणात पेटी कापलेल्या कलिंगडासारखी लालबुंद होऊन वाळत होती. गंज खरवडलेला, पोपडे गेलेले, पोचासुद्धा आतून ठोकून सपाट केलेला. वर रेडॉक्साइडचे दोन हात. बाबा बाजूला स्टुलावर बसून, हाताला रॉकेल लावून रंग काढत होते. चेहऱ्यावर इतकं समाधान, की काय सांगू!

माझं डोकंच सणकलं. "बाबा, हे काय केलं वो!"

"फोटो काढतं म्हन्ली ना तू. अशी कळकट पेटी लोकाईले दाखवाची का?"

"मले तो गंजच पाहिजे होता!"

"गंज कोनाले पाहिजे रायते वं?"

"मले! तुमाले काय समजते माह्या कामातलं? जिंदगीभर घासण्याशिवाय काय केलं तुमी?"

बोलले मी. तोंडातून गेलं ते गेलंच. बाबांनी रॉकेलचा बोळा खाली ठेवला आणि आत निघून गेले. दसऱ्याला घरात पुरणपोळी झाली, सोनं वाटून झालं, आणि आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

माझ्याकडे पेटीचा एकच फोटो होता, मोबाईलवर घाईत काढलेला. त्यात पेटीपेक्षा बाजूची कोंबडी जास्त स्पष्ट आली होती. मग मी इंटरनेटवरचा तयार गंज उचलला आणि दोन दिवस बसून पेटीवर चढवला. नमुना म्हणून स्टुडिओत परीक्षा घेणाऱ्या बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: गंज सुंदर आहे, पण ही पेटी कोणी वापरलेली वाटत नाही. सोमवारपर्यंत बघा.

शनिवारी दुपारी मी स्क्रीनसमोर डोकं धरून बसले होते. बाबा चहा घेऊन आले. कप ठेवून निघतील असं वाटलं, पण ते उभेच राहिले. स्क्रीनवर पेटी गोल फिरत होती.

"हे माही पेटी व्हय का?"

"हाव."

"मुठीवर गंज लावला तू."

"मंग?"

"मुठीवर गंज कसा येईन? तिथी हात रायते ना रोज. मूठ चांदीसारखी चमकत होती." त्यांनी स्क्रीनला बोट लावलं. "आन हे वरतून कायले लावला? गंज खालून चढते. ओल्या फरशीवर रायत होती ते. बुडाले पाह्य, बुडाले."

मी स्टूल ओढून दिलं. ते बसले. मग जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत संपलं नाही. कडीखाली गंजाचा एक लांब ओघळ, कारण पावसाचं पाणी तिथून उतरायचं. झाकणाच्या बिजागरीला गंज नाही, तिथं ग्रीस असायचं, पण ग्रीसवर कोळशाची भुकटी बसून काळा थर. सायकलच्या ट्यूबने पेटी बांधायचे, म्हणून दोन पट्ट्यांमध्ये रंग घासून गेलेला. माणसाने तीस वर्षं गंजाशी वैर केलं होतं, आणि वैऱ्याची खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडे होती. मी त्यांना काय बोलले होते ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माफी मागायची आमच्या घरात रीत नाही. मी आईला म्हटलं, बाबांना चहा कर.

"आन पोचा?" मी विचारलं. "उजवीकडे होता ना? कशाचा होता तो?"

बाबा दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तुह्या मायले सांगू नोको. रुळावर कोळशाचा डबा उभा होता. चाकाखाली लाकडाचा गुटका लावाचा रायते, म्या लावलाच नाई. भुललो. डबा सरकला. मधात पेटी होती म्हनून पाय वाचला. चूक माहीच होती, कोनाले सांगतलं नाई." आणि मग, "तुह्या फोटोत तो पोचा कायले, म्हनून ठोकून काढला."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मले तवाच मालूम होतं. आठ दिवस लंगडत होते. म्हने सायकलवरून पडलो! मोठे आले लपवनारे."

बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं. मी हसले, मग तेही हसले. पोचा किती खोल, कुठल्या कोनात, हे त्यांनी स्वतःच्या तळहाताची वाटी करून दाखवलं आणि मी तेवढा पाडला. पोच्याच्या घडीत रंग तडकलेला आणि तिथून गंज फुटलेला, हेही त्यांनीच सांगितलं.

रविवारी फाइल पाठवली. मंगळवारी उत्तर आलं, की कामावर रुजू व्हा, घरूनच. मी ओरडत अंगणात गेले. बाबा फाटक घासत होते. "पास झाली का?" म्हणाले, आणि पुन्हा घासायला लागले.

पुढच्या पावसाळ्यात एक विचित्र गोष्ट मला दिसली. ती लाल पेटी बाहेर, नळाजवळच्या ओल्या फरशीवर पडलेली असायची. जो माणूस साधा पाना पावसात राहू देत नाही, तो पेटी विसरतो? आता वय झालं, असं म्हणून मी दोनदा ती आत आणली. दोन्ही वेळा ती पुन्हा नळाजवळ गेली. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "मले नोको विचारू, तुह्या बापाले विचार." मी विचारलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंगणात हत्यारं मांडली होती. पाने, हातोडे, विळा, माझी स्कूटीसुद्धा, सगळं लख्ख. एकटी पेटी तशीच होती, मातीचे शिंतोडे उडालेली. मी ब्रश घेऊन तिच्याकडे वळले तर बाबा अंगावर ओरडले, "हात नोको लावू त्याले!"

मग ते जवळ आले, खाली बसले आणि पेटी आडवी करून मला बूड दाखवलं. लाल रंग फुगून काठाकाठाने सुटला होता आणि खालून बोटभर गंज चढला होता.

"वर्षभर लागलं," ते म्हणाले. "पाह्य बरं, तुह्या कामात येते का."