किसनरावांची विनाशिका तान्ह्या पोळ्यात

सेलूच्या किसनरावांची नौदलातली सारी नोकरी एका विनाशिकेच्या पोटात, बॉयलरपाशी गेली. त्यामुळे समुद्र त्यांनी फारसा पाहिलाच नव्हता; बोट मात्र अंगात मुरलेली. विलायतेत महायुद्धाच्या घाईत बांधलेली ती बोट आपल्याकडे आली तेव्हाच सेकंडहँड होती. पडवळासारखी लांब, अरुंद, पत्रा पातळ. "पळाच्यासाठीच घडवली होती," ते सांगत. "पाणबुडी हुडकाची अन् बुडवाची. आराम कराले तिच्यात जागाच नाई."

गोवामुक्तीच्या वेळी ती धावली, एकाहत्तरच्या युद्धात गस्त घालून दमली. पुढे किसनराव भावाच्या पेरणीसाठी रजेवर आले असताना सरकारनं तिला भंगारात काढलं. सगळे खलाशी निरोपाच्या सलामीला उभे, आणि हे इकडे तिफणीमागे. पेन्शन सुरू झाली तरी ती रुखरुख जाईना.

शेवटी त्यांनी तानबा सुताराकडून चार चाकांची सागवानी बोट करवून घेतली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरं आपापले लाकडी बैल घेऊन रांगेत उभी राहिली, तेव्हा टोकाला मिशीवाले किसनरावही दोरी धरून उभे. पोळा भरवणारे नानाजी थबकले.

"किसना, हे काय होय बे?"

"बोट."

"ते दिसून राह्यलं. बैल कुठी आहे?"

किसनरावांनी वळून मागं पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई पुढे आल्या.

"नानाजी, परवा सांजेले म्या हिचे खांदे शेकले. हळद-लोणी लावलं. 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' म्हटलं. काल पुरणपोळी चारली."

"बोटीले? बोटीले खांदे कुठी रायते?"

"इतका भार वाह्यला तिनं, खांद्याबिगर? अन् आवतन दिलेल्याले हाकलून द्याचं, अशी रीत आहे का तुमच्याकडं?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ज्याचे खांदे शेकले, तो बैलच. नानाजी बोटीला वळसा घालून पुढे सरकले.

"राहू दे. पण मागं रायजो."

मिरवणूक निघाली. घरोघरी बाया बैलांच्या पायांवर पाणी घालत होत्या. चढावरच्या शकुंतलाबाईंनी अख्खी कळशी बोटीखाली ओतली. बोटीखालून पाणी वाहताना पाहिलं आणि किसनराव ताठ झाले. हात आपसूक सलामीला गेला. दोरी सुटली. विनाशिका उतारावरून बैलांना मागं टाकत सुसाट निघाली. नानाजी धोतर सावरत ओट्यावर चढले.

"अहो, धरा ना तिले!" सुलोचनाबाई ओरडल्या.

किसनराव हलले नाहीत. निरोपाचा सलाम मध्येच खाली आणत नसतात.