मामांचं गाऱ्हाणं आणि कझाकस्तानचे पाहुणे

देवापाशी खोटं न बोलणारी माणसं पुष्कळ असतील, पण देवाला सगळंच्या सगळं सांगून टाकणारा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोचे मामा! आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही हे मान्य. नारळ ठेवायचा, एकाने देवाला हाक मारून मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पण म्हणून दाताच्या डॉक्टरकडे? मामांनी तिथेही खुर्चीत उताणं पडून हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या डॉक्टराचो हात वायच थरथरता, तो सांभाळून घे!" बाहेर बाकावर गाल धरून बसलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं ते वेगळंच. माझ्या लग्नात तर भर मांडवात, "जावय शिकलेलो आसा, पण सकाळी उठणा नाय. आमच्या चेडवाक निभावून ने, म्हाराजा!" माझी सख्खी आई सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणाली. मी मागाहून तणतणलो, तर मामा शांतपणे म्हणाले, "जावयबापू, देवाक अर्धा सांगान कसा चलात? त्येका सगळा म्हायत आसता."

अशा माणसाचा कुडाळच्या एमआयडीसीत काजूचा कारखाना. आसपासच्या वाड्यांतल्या बायका तिथे काजू फोडतात, सोलतात, निवडतात. त्या साली बाहेरच्या स्वस्त काजूने सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं, शेजारच्या शेडना कुलपं लागली होती. मामांनी बायकांना गणपतीपर्यंत कामाचा शब्द दिला होता, आणि त्यापुढचं कोणी विचारलं की ते छपराकडे बघायचे. अशात बातमी आली, कझाकस्तानचे व्यापारी कोकणात काजू बघायला येणार आहेत, आणि आपल्या कारखान्यातही येतील. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून पत्रव्यवहार माझ्या गळ्यात. दरही मीच कळवला, घासाघिशीला जागा राहावी म्हणून जरा चढाच. ही ऑर्डर गेली तर शेड बंद, हे बायकांनाही ठाऊक होतं. आदल्या दिवशी मी मामांच्या अक्षरशः पाया पडलो. "मामा, उद्या गाऱ्हाणं नको. हात जोडतो." मामा म्हणाले, "बरा." त्या 'बरा'वर मी विसंबलो, काय म्हणावं मला!

पाहुणे आले. पुढे एक धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ. बरोबर दुभाषी म्हणून एक मुलगी, पाहुण्यांशी फडाफड रशियन आणि माझ्याशी इंग्रजी बोलणारी. दिल्लीकडची असावी असा मी आपला अंदाज बांधला. काजू बघून झाले, चहा झाला, मिशीवाल्यांनी फाईल उघडली, आणि त्यांची नजर दाराशी ठेवलेल्या नारळावर गेली. हे काय, त्यांनी विचारलं. झालं! मामा ताडकन उठले. "जावयबापू, तुमी गप रवा. पावण्यांनी इचारल्यानी आसा."

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ही मोठी माणसा तुझ्या दारात इली आसत. मागच्या पावसात आमचा छप्पर गळला आणि काय पोती भिजली, ती ह्यांच्या मालात चुकान जाव नयेत, म्हाराजा!" बायका म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" "आमचो ड्रायर मधीच बंद पडता, तो चालतो ठेव!" "व्हय म्हाराजा!" मी मनाशी म्हटलं, मालवणी आहे, या लोकांना काय कळतंय! "आणि आमच्या जावयान दर वायच चढो सांगितल्यान आसा, तो ह्यांनी घासाघीस करून खाली आणूचो, अशी ह्यांका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायकांच्या आवाजात एक आवाज नवा होता. ती दुभाषी मुलगी! बोलून गेली आणि तिने जीभ चावली. "हांव मडगावची," ती ओशाळून म्हणाली. गोव्याची, कोकणी बोलणारी! म्हणजे मामांचा शब्दन् शब्द तिला कळला होता. मिशीवाल्यांनी तिला काहीतरी विचारलं. काय, ते समजायला रशियन येण्याची गरज नव्हती. तिने केविलवाण्या नजरेने मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "सांग गो चेडवा, सगळा सांग. देवाक सांगितला ता पावण्यांका सांगूक कसली लाज?"

तिने सांगितलं. मिशीवाले उठले, ती भिजलेली पोती बघायची म्हणाले. मामांनी कोपऱ्यात नेऊन दाखवली, लाल खुणा केलेली. त्यांनी मूठभर काजू काढले, हुंगले, परत टाकले, फाईल मिटली आणि निघून गेले. बायका मान खाली घालून पुन्हा काजू सोलायला बसल्या. मी मामांवर इतका चिडलो होतो की घरी जाऊन जेवलो नाही.

गणपती तोंडावर आले तेव्हा मिशीवाल्यांचा मेल आला. एक कंटेनर, दर आमच्यापेक्षा कमी, पण परवडणारा. शिवाय एक अट: माल निघताना 'ती प्रार्थना' होईल, तिचा व्हिडिओ पाठवायचा, आणि मजकूर गाळायचा नाही. मी वाचून दाखवला तेव्हा मामा हसलेसुद्धा नाहीत. "मगे? गाळतलंव कशाक?" एवढंच म्हणाले.

शेड चालू आहे. पण गेल्या वर्षी मामांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. देवाशी एवढं बोलणाऱ्या माणसाची वाचा देवाने न्यावी, याचा मला अजून राग येतो. आता माल निघताना गाऱ्हाणं मी घालतो. पहिल्या खेपेला मालातली एक खोट चोरून गाळली, तर मामांनी खुर्चीतून काठी आपटली, मग मी तीही सांगितली. माझं संपतं, बायकांचं 'व्हय म्हाराजा' होतं, आणि आम्ही सगळे थांबतो. मामांचे ओठ हलत राहतात, मान थरथरते, आणि बऱ्याच वेळाने एक वाकडातिकडा 'म्हाराजा' बाहेर येतो. तो आला की मगच ड्रायव्हर गाडी सुरू करतो.