जूनमधले दातांचे डॉक्टर

वीजमंडळातून निवृत्त झालेले शेषाद्री आणि शाळेत गणित शिकवलेले मुरलीकृष्ण तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत वीसेक वर्षं एकाच घरात राहत होते. लोकांना सांगायला घरमालक आणि भाडेकरू. दार वाजलं की शेषाद्री आधी खिडकीतून बघत, मगच कडी काढत.

त्या सकाळी दारात एक मुलगी उभी होती, खांद्याला कॅमेरा.

"मामा, मी हरिप्रिया. चेन्नईहून आले. समलिंगी लोकांच्या चळवळीवर माहितीपट करते आहे. मुरलीमामा आहेत का?"

तिचं मराठी ऐकून शेषाद्रींनी दार अर्धं ओढून घेतलं. ही तर आपल्यातलीच, इकडच्या मराठी घरांतली!

"कुणाची नात तू?"

"कुंभकोणमच्या अंबाबाईंची."

संपलंच. आता गोतभर बोभाटा. "घर चुकलीस तू," म्हणत ते दार लोटणार, तोच मागून मुरलीकृष्ण म्हणाले, "मीच बोलावलंय तिला, शेषू."

तिला कॉफी दिली खरी, पण शेषाद्रींची नजर कॅमेऱ्यावरून हलेना. हा चालू तर नाही? हिला आणखी काय काय ठाऊक आहे?

हरिप्रियाने लॅपटॉप उघडला. चेन्नईचा जूनमधला मोर्चा, रंगीबेरंगी झेंडे, आणि त्या गर्दीत वेष्टी नेसलेले मुरलीकृष्ण, हात उंचावून घोषणा देताना.

"दर जूनला चेन्नईला दातांच्या डॉक्टरांकडे जातोस ना तू?" शेषाद्रींनी विचारलं.

"डॉक्टरांकडेही जायचो," मुरलीकृष्ण खाली बघत म्हणाले. "सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"माझ्याबद्दल काय बरळलास? दाखव गं पुढे."

पडद्यावर कुणीतरी विचारलं, घरी कोण असतं? पडद्यावरचे मुरलीकृष्ण म्हणाले, "आहे एक. नाव नाही सांगणार. त्याला भीती वाटते."

शेषाद्रींनी ते पुन्हा लावायला सांगितलं. नाव खरंच कुठे नव्हतं. जीव भांड्यात पडायला हवा होता; पडला नाही. आपला माणूस भर रस्त्यात उभा राहून आपल्याला 'एक' म्हणतो, हे त्यांना झोंबलं.

ते उठले, खुर्ची ओढून मुरलीकृष्णांना खेटून बसले.

"लाव तुझा कॅमेरा. माझं नाव शेषाद्री. हा भाडेकरू नाही. हा माझा माणूस."

मुरलीकृष्णांनी चष्मा काढून पुसला.

"बंद झाला का आता?" शेषाद्रींनी विचारलं. हरिप्रिया हो म्हणाली, तरी त्यांनी स्वतः वाकून बघितलं.

चेन्नईत माहितीपट दाखवला तेव्हा दोघेही गेले. अंधारात शेषाद्री सारखे मागे वळून बघत होते.

"तिसऱ्या रांगेतली ती बाई तंजावरची वाटते."

"असू दे," मुरलीकृष्ण म्हणाले. "समोर बघ, पडद्यावर तू आलास."