मापावरची मूठ

मोताळ्याच्या आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला कडूबा बसतो. त्याच्यापुढे वांगी-मेथी नसते. एक जुना लॅपटॉप, वायरींचा गुंता आणि वर काळी छत्री, एवढाच त्याचा पसारा. धंदा मेमरी कार्ड भरण्याचा. ज्यांच्या फोनमध्ये रिचार्ज नसतो, किंवा ज्यांच्या शेतात रेंज पोचत नाही, ते आपलं नखाएवढं कार्ड त्याच्या हातावर ठेवतात आणि बाजार करून येतात. तोवर कडूबा त्यात भजनं, गाणी, सिनेमे भरून ठेवतो. दोन वर्षांपासून त्यात आणखी एक गोष्ट असते. ती माझी आहे, म्हणून हे सगळं मला लिहावं लागतंय.

मी निवृत्त शिक्षक. पस्तीस वर्षं पोरांना दटावण्यात गेली, त्यामुळे आवाज चढा आणि आपलंच खरं मानायची खोड. निवृत्तीनंतर भाची अर्पिताच्या मदतीने मी काही पानं तयार केली. पिकांवरचे रोग, बाळंतपण, लहान मुलांचा ताप, साप-विंचू, शाळेचे धडे. सगळं सोप्या मराठीत आणि इंटरनेट नसतानाही साध्या फोनवर उघडणारं. दवाखान्याची पानं मी डॉक्टरांकडून तपासून घेतली होती. कडूबा ती फुकटात भरून द्यायचा. वर गिऱ्हाइकाला सांगायचा, "हे गुरुजीचं कार्ड हाय बरं. याच्यातलं खोटं निघत नाही." मला ते ऐकायला फार गोड वाटायचं. कशाला लपवू?

कडूबा म्हणजे शंकरराव भाजीवाल्याचा मुलगा. लहानपण तराजूमागेच गेलं. आमच्या बाजारात काटा सरळ झाला म्हणजे सौदा संपला असं होत नाही. गिऱ्हाईक हलत नाही, "वरून टाक न भाऊ" म्हणतं, आणि विकणारा मूठभर मिरच्या किंवा दोन वांगी वर टाकतो. जो टाकत नाही त्याच्याकडे पुढच्या बाजारी कोणी फिरकत नाही. कडूबाने भाजी सोडली, पण ही मूठ सोडली नाही. गाणी भरली, माझी पानं भरली, तरी कार्डात थोडी जागा उरायचीच. ती त्याला सहन व्हायची नाही. मग स्वतःच्या फोनवर फिरत आलेले व्हिडिओ तो वरून टाकायचा. कुठे मूळव्याधीवर मुळी, कुठे काढा, कुठे मंत्र. तेही शहाणपणच, असं समजून ते माझ्याच पानांच्या फोल्डरमध्ये ठेवायचा.

मी ते पाहिलं होतं. हे वाक्य मला सगळ्यात जड जातं. एका गिऱ्हाइकाच्या फोनवर मी कुणा बाबाचा काढा पाहिला आणि भर बाजारात कडूबावर ओरडलो, "हे काय भरलंस बे?"

तो हसला. "गुरुजी, अर्धं माप कसं देऊ? अन् तुमचे पानं वाचाले लोकायले टाइम कुठं हाय? व्हिडिओच्या नादानं तेबी उघडतात."

त्याचं म्हणणं मला पटलं असं नाही. पण तोवर तीनशेवर कार्डं गेली होती आणि पार उंद्रीच्या बाजारापर्यंत माझं नाव झालं होतं. मी गप्प बसलो.

कडूबाच्या शेजारी तानाबाई मेथी विकायची. तिच्या फोनमध्येही गुरुजीचं कार्ड होतं. दिवाळीनंतर एका सकाळी, मेथी उपटताना तिला उजव्या हाताच्या दोन बोटांना साप चावला. शेतात ती एकटी, आणि रेंज नाही. तिने फोन उघडला, सापाचं चित्र शोधून दाबलं. कडूबाने वरून टाकलेला व्हिडिओ सुरू झाला. त्यातला माणूस म्हणाला, सुतळीने घट्ट आवळा, हलू नका, तीन तास सोडू नका. तिने दातांनी सुतळी ओढून दोन्ही बोटं मुळाशी आवळली आणि सांगितल्याप्रमाणे निंबाखाली बसून राहिली. मग चालत रस्त्यावर आली. दवाखान्यात पोचली तेव्हा दुपार कलली होती. साप बिनविषारी निघाला. बोटं मात्र काळी पडली होती, ती काढावी लागली.

त्याच कार्डात, त्याच सापाच्या चित्राशेजारी माझं पान होतं. घट्ट बांधू नका, कापू नका, लगेच दवाखान्यात जा. अक्षर न अक्षर बरोबर. तानाबाईला वाचता येत नाही. तिच्या निराधार योजनेच्या पगाराच्या कागदावर तिचा अंगठा मीच उठवून घेतला होता, आणि तरी पानं लिहिताना ती मला आठवली नव्हती.

कडूबा दोन बाजार बसला नाही. मग भोंगा घेऊन मोताळा, पिंपळगाव राजा, उंद्री असा फिरला. "कार्ड आणा हो, त्याच्यातला सापाचा व्हिडिओ काढून देतो!" मीही बरोबर होतो. लोक म्हणायचे, "राहू द्या, आमचे गाणे उडतीन." कोणी कार्ड भावाला दिलेलं, कोणी जावयाला उतरवून दिलेलं. इंटरनेटवरची चूक एका जागी बसून पुसता येते. आमची चूक माणसांच्या खिशात बसून गावोगाव निघून गेली होती. बैल गेला अन् झोपा केला. पंधरवड्यात एकोणीस कार्डं परत आली.

शेवटी तानाबाईनेच मार्ग काढला. "नवा व्हिडिओ काढा. माहाच काढा. लोक व्हिडिओच पाह्यतात न? मंग हाच कार्डाकार्डात भरा."

कडूबाने फोन माझ्या हातात दिला. तिने आधी हात पुढे केला, मग बोलली.

"मी तानाबाई. साप डसला त मी असे बोटं बांधले. तुमी बांधू नका. सीधं दवाखान्यात जा. काऊन बांधले म्हणसान, त गुरुजीच्या कार्डात व्हतं. गुरुजी खोटं सांगत नाहीत म्हणून बांधले."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

कडूबाने मला बाजूला घेतलं. "गुरुजी, शेवटलं काढून टाकू काय? तुमचं नाव तेवढं. मूठ त मीच टाकली व्हती, दोष माहा हाय. तुमी कायले बदनाम व्हता?"

मी लगेच 'नाही' म्हणालो, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी लगेच म्हणालो नाही. उंद्रीतले कोण कोण हे पाहतील, माझे जुने विद्यार्थी काय म्हणतील, हे सगळे चेहरे डोळ्यांपुढून गेले. तानाबाई मेथीची जुडी बांधत होती. ती थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"शेवटचं तसंच राहू दे, कडूबा," मी म्हणालो.

तोवर तिने नजर खाली वळवली होती.