पोळ्याचा बैल आणि सासूने पाडलेलं भोक

आम्ही कुंभार. नवऱ्याला सुरतेत, लिंबायत भागातल्या यंत्रमागावर काम मिळालं म्हणून खान्देश सोडून आलो, पण माती काही सुटली नाही. चाळीमागच्या मोकळ्या जागेत आमची भट्टी होती. कापडबाजारातल्या खोक्यांच्या फळ्या आणायच्या, खिळे उपटायचे आणि त्यावर मडकी भाजायची. चाक नवऱ्याचं. बायकांनी चाकाला हात लावायचा नाही, म्हणून हाताने घडवायचे पोळ्याचे बैल माझे. ते मुठीएवढे आणि भरीव असत.

नव्वदनंतरची गोष्ट. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "इथे खरा बैल कुठला? सगळ्यांत मिळून एक मोठा करून दे." मी हातभर लांबीचा केला, आतून पोकळ. नवरा म्हणाला, "बैल आहे की गाभण म्हैस?" मी लक्ष दिलं नाही.

सासूने मात्र बैलाच्या पोटाकडे बघितलं. "पोटले भोक पाड, नाही ते फुटी जाई." आत कोंडलेल्या वाफेला बाहेर पडायला वाट ठेवावी लागते, एवढं मलाही माहीत होतं. पण पूजेच्या बैलाच्या पोटाला भोक? मी हललेच नाही, तेव्हा तिनेच छत्रीची काडी घेऊन भोक पाडलं. चार दिवसांनी, वाळलेला बैल सकाळी भट्टीत ठेवताना मी चिमूटभर ओल्या मातीने ते गुपचूप बुजवलं. बैल कसा गोंडस दिसला!

दुपारी भट्टीतून धडाम आवाज आला. नवरा म्हणाला, "म्हैस व्याली वाटतं."

संध्याकाळी उघडून बघितलं. धड नि डोकं शाबूत, चारही पाय गेलेले, पोटाचा एक तुकडा उडालेला. पोळा दुसऱ्या दिवशी. नवा करून वाळवायला वेळ नव्हता, आणि मी तर गल्लीभर फुशारकी मारून ठेवलेली.

सासूने पोटाचा तुकडा उचलून उलटसुलट केला. "भोक कुठे गेलं?"

"भाजताना बुजलं असेल, आत्याबाई."

"भाजताना? तुझ्या लग्नाआधीपासून भाजते मी. अजून एक भोक बुजलेलं नाही पाहिलं."

मी खाली बघत राख लोटत बसले.

सकाळी बायका पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या. सासूने बैल कडब्याच्या ढिगात पोटापर्यंत रुतवून ठेवला होता, वर झूल घातलेली. एकीने विचारलंच, "काय हो, उभा नाही केला?"

मला वाटलं, आता सासू माझी लाज काढणार.

"सणाच्या दिवशी तरी बसू दे की त्याला," सासू म्हणाली. "तुमचे नवरे आज सुट्टी घेऊन लोळत पडलेत, त्यांना उठवलं का कोणी?"

बायका हसल्या. बैलाला कुंकू लावलं, पोळी भरवली. झूल उचलून कोणी बघितलं नाही.

बायका गेल्यावर सासू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पुढला साले भोक मी पाडसू, आन भट्टी पेटेपर्यंत राखण बी मीच करसू."